परमुलखातल्या माणसाचं चरित्र आपल्या मंडळात कसं सांगायचं (टोरोंटोच्या पहिल्या महापौराच्या निमित्ताने)

आमच्या वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी पंचवीस-तीस माणसं जमतात, बहुतेक साठीच्या पुढची, दोन-चार कॉलेजची मुलं, आणि कुणीतरी एकाने एका माणसाचं चरित्र सांगायचं, चाळीस मिनिटं, मग चहा. डिसेंबरात माझी पाळी होती आणि मी विल्यम लायन मॅकेन्झी सांगितला. स्कॉटलंडमधून कॅनडात गेलेला, तिथे वर्तमानपत्र काढलेला आणि १८३४ साली टोरोंटोचा पहिला महापौर झालेला माणूस. त्यानंतर बऱ्याच जणींनी विचारलं की तू हे कसं तयार केलंस, आम्हालाही एखादा असा बाहेरचा माणूस घ्यायचाय पण धीर होत नाही. म्हणून सगळं एकदाच लिहून काढते, माझं जिथे चुकलं ते पण.

कारण पहिल्यांदा चुकलंच होतं. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका मंडळात मी असंच एका परदेशी माणसावर बोलले, वहीत नीट तारखा लिहून नेल्या होत्या, जन्म अमुक, लग्न तमुक, निवडणूक, राजीनामा, मृत्यू, आणि वीस मिनिटांत माझ्या लक्षात आलं की समोर कुणीच ऐकत नाहीये, दोघं फोनमध्ये, एक काका उठून गेले ते परत आलेच नाहीत. मला फार वाईट वाटलं, कारण माणूस खरंच मोठा होता आणि माझ्यामुळे तो त्या लोकांसाठी कायमचा कंटाळवाणा झाला. यावेळी ठरवलं होतं की तसं होऊ द्यायचं नाही.

तर सगळ्यात आधी माणूस निवडणं. माझं म्हणणं असं आहे की ज्या माणसाच्या आयुष्यात शिरायला तुमच्याकडे स्वतःचं एक दार आहे तोच माणूस घ्या, मग तो कितीही लांबचा असू दे. माझं दार म्हणजे बाबांचा छापखाना. रावपुऱ्यात एका बोळात एक ट्रेडल मशीन, म्हणजे पायाने चालवायचं छपाईयंत्र, भिंतीला लागून खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या शिशाच्या अक्षरांच्या, केसेस, लग्नपत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं, अर्धं काम गुजरातीत अर्धं मराठीत. मी शाळेतून तिथेच जायचे. त्यामुळे पत्रकार म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर माईक नाही येत, शाईने काळी झालेली बोटं येतात. माझी भाची टोरोंटोत नोकरीला आहे, तिने एकदा फोनवर सांगितलं की मावशी इथे एका जुन्या महापौराच्या घरात अजून चालू असलेला छापखाना आहे, ट्रेडलसारखं नाही, हाताने दांडा ओढायचा. बस, तिथेच माझं ठरलं.

खरं तर हातात दोन माणसं होती. दुसरा शिकागोचा जोसेफ मेडिल, तोही कॅनडात जन्मलेला, शिकागो ट्रिब्यूनचा संपादक, १८७१ च्या त्या भयंकर आगीनंतर महिन्याभरातच शिकागोचा महापौर म्हणून निवडून आलेला. त्याच्याच काळात शिकागोची सार्वजनिक लायब्ररी उभी राहिली आणि टर्म संपायच्या आधीच तो युरोपला निघून गेला. तोही चांगला विषय आहे, कुणाला घ्यायचा असेल तर जरूर घ्या, आपल्या वडोदऱ्याला तर लायब्ररीच्या बाजूने तो सांगता येईल, सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून बोर्डनसाहेब नावाच्या ग्रंथपालांना बोलावून सेंट्रल लायब्ररीचं काम सुरू केलं, तिथून सुरुवात करायची आणि शिकागोला पोचायचं. पण मला त्यात माझं दार सापडलं नाही म्हणून सोडला. दोन माणसं एकाच भाषणात कोंबू नका एवढं मात्र नक्की.

माणूस ठरला की लगेच गोष्ट लिहायला बसायचं नाही. एक फुलस्केप कागद घ्यायचा आणि त्यावर फक्त सांगाडा. माझा असा होता: जन्म १७९५ डंडी, वडील विणकर, मुलगा काही आठवड्यांचा असतानाच वारले. १८२० ला कॅनडा. १८२२ ला इसाबेल बॅक्स्टरशी लग्न. मे १८२४ ला कलोनियल अॅडव्होकेट नावाचा पेपर सुरू. १८२६ ला छापखान्याची नासधूस. १८२८ ला विधानसभेत. १८३१ ला तिथून हकालपट्टी. १८३४ ला महापौर. १८३७ ला बंड, पळून अमेरिका. १८५० ला परत. २८ ऑगस्ट १८६१ ला मृत्यू. हा कागद भाषणात वाचायचा नाही, तो तुमच्यासाठी आहे, अडखळलात तर बघायला. तारखा मिळायला त्रास नाही, कॅनडाचा चरित्रकोश इंटरनेटवर फुकट आहे आणि त्यातल्या नोंदी चांगल्या मोठ्या आणि भरवशाच्या असतात. इंग्रजी जड वाटलं तर रोज एकच पान वाचा, मी पण तसंच केलं, दुपारी जेवण झाल्यावर एक पान.

मग वाचताना एक काम नक्की करा. कोण सांगतंय ते प्रत्येक गोष्टीसमोर लिहा. मी तीन रंगांची पेनं वापरली, त्याने स्वतः लिहिलेलं निळं, घरच्यांनी लिहिलेलं हिरवं, विरोधकांचं लाल. मॅकेन्झीचं पहिलं मोठं चरित्र १८६२ मध्ये आलं, म्हणजे तो गेल्यावर वर्षभरातच, आणि ते लिहिलं होतं त्याच्या जावयाने. जावई सासऱ्याबद्दल काय लिहील, ते खोटं असेल असं नाही, घरातली कागदपत्रं त्याच्या हातात होती आणि काही प्रसंग त्याच्यामुळेच आपल्याला कळतात, पण हिरवं पेन हातात असलं की आपण सावध राहतो. आणि पत्रकाराच्या बाबतीत तर हे जास्तच लागतं, कारण पत्रकार आयुष्यभर स्वतःची बाजू छापत असतो, त्याच्या शत्रूंपेक्षा त्याचीच शाई जास्त उरते.

आता खरं काम, प्रसंग निवडणं. चाळीस मिनिटांत पाच प्रसंग, सहावा नको. आणि प्रत्येक प्रसंगात हाताने धरता येईल अशी एक वस्तू पाहिजे. हे मी ठासून सांगतेय कारण फरक इथेच पडला. मी बाबांच्या जुन्या डब्यातले मूठभर खिळे घेऊन गेले होते, सुरुवातीला काहीच न बोलता ते पहिल्या रांगेत दिले आणि म्हटलं मागे पास करा. शिशाचा तो लहानसा तुकडा, एका टोकाला उलटा अक्षर, आरशात दिसतो तसा. मराठीच्या केसमध्ये इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त कप्पे, काना वेगळा, वेलांटी वेगळी, जोडाक्षरं वेगळी. बाबा न बघता कप्प्यातून खिळा उचलून डाव्या हातातल्या स्टिकमध्ये, म्हणजे ओळ जुळवायच्या पट्टीत, लावायचे, ओळ भरली की ती गॅलीवर, म्हणजे लांबट ताटावर, पान बांधलं की मशीनवर, छापून झालं की रॉकेलच्या फडक्याने पुसायचं आणि एकेक खिळा परत त्याच्या त्याच्या कप्प्यात. एकदा माझ्या धक्क्याने एक केस खाली पडली. बाबा ओरडले नाहीत, नुसते खाली बसले आणि वेचायला लागले. रात्री अकरापर्यंत आम्ही दोघं वेचत होतो, आणि तरी पुढचे कितीतरी दिवस लग्नपत्रिकेत भलतीकडे भलताच ‘ळ’ निघायचा.

एवढं सांगितलं आणि मग म्हटलं, आता ऐका, ८ जून १८२६, यॉर्क गाव, म्हणजे पुढचं टोरोंटो. संध्याकाळची वेळ, अजून चांगला उजेड. राज्यकारभार ज्यांच्या हातात होता त्या कोंडाळ्यातल्या घरांची पंधराएक तरुण पोरं, काही तर वकिली शिकणारी, मॅकेन्झीच्या छापखान्यात घुसली. तो स्वतः गावात नव्हता, पेपर कर्जात बुडालेला म्हणून देणेकऱ्यांना चुकवायला नदीपलीकडे अमेरिकेत गेला होता. घरात त्याची म्हातारी आई. पोरांनी प्रेस मोडला, जुळवलेली पानं विस्कटली आणि खिळे उचलून नेऊन तळ्यात फेकले. मॅजिस्ट्रेट लोक बघत होते, कुणी अडवलं नाही.

त्यावेळी खोलीत जो आवाज झाला तो मी विसरणार नाही. ज्यांच्या हातात खिळा होता त्यांनी तो घट्ट धरला होता. मला ‘वर्तमानपत्राच्या स्वातंत्र्यावर हल्ला’ वगैरे शब्द वापरावेच लागले नाहीत.

पुढचं सांगायला विसरू नका, कारण लोकांना न्याय झाला का ते लागतंच. त्याने खटला भरला आणि ज्यूरीने त्याला ६२५ पौंड भरपाई दिली. त्या पैशात देणी फिटली आणि बुडायला आलेला पेपर परत उभा राहिला. म्हणजे ज्यांना पेपर बंद पाडायचा होता त्यांच्याच खिशातून तो चालू झाला. इथे एक बारीक गोष्ट, ६२५ पौंडाचे आजचे रुपये किती असं गणित करायला जाऊ नका, तो आकडा काहीच सांगत नाही आणि कुणीतरी वाद घालत बसतो. त्या पैशाने काय झालं ते सांगा.

शब्दांचं पण असंच. लेक ऑन्टॅरिओला मी आधी नुसतं ‘तळं’ म्हणत होते, घरी प्रॅक्टिस करताना आमचे हे म्हणाले, अगं तळं म्हटलं की सगळ्यांना आपल्या गावातला सूरसागर तलाव दिसणार. खरंच की. मग मी आधीच सांगितलं की पलीकडचा काठ दिसत नाही असं तळं, समुद्रासारखं. उलट काही ठिकाणी आपलंच उदाहरण बरोब्बर बसतं. टोरोंटोत तेव्हा महापौर थेट लोक निवडत नव्हते, आधी वॉर्डावॉर्डातून वीस जण निवडून यायचे आणि मग त्यातून महापौर, म्हणजे आपल्या वडोदऱ्यात नगरसेवक मेयर निवडतात साधारण तसंच, हे म्हटल्यावर कुणाला काही समजवावं लागलं नाही. वीस जणांत दोन प्रकार होते, वरचे आल्डरमन आणि खालचे कौन्सिलमन, मी ते सरळ सोडून दिलं, सगळ्यांना नगरसेवक म्हटलं. कुणी जाणकाराने टोकलं तर तेव्हा सांगायचं.

दुसरा प्रसंग मी निवडला तो बर्फातल्या मिरवणुकीचा. पेपरात सत्ताधाऱ्यांना झोडपलं म्हणून डिसेंबर १८३१ मध्ये विधानसभेने त्याला बाहेर काढलं. जानेवारीच्या सुरुवातीला पोटनिवडणूक. तेव्हा मत चिठ्ठीवर नव्हतं, सगळ्यांसमोर उभं राहून तोंडाने सांगायचं. निकाल ११९ विरुद्ध १. हा आकडा कुठेही वाचायला मिळतो, पण मतदान तोंडी होतं हे जोडलंत की तो आकडा जिवंत होतो, कारण मग तो एक माणूस पण दिसायला लागतो जो एवढ्या गर्दीत उभा राहून नाही म्हणाला. मला त्याच्याबद्दलही आदर वाटतो आणि मी तसं बोलून दाखवलं. मग लोकांनी मॅकेन्झीला सोन्याचं मेडल दिलं आणि बर्फावरच्या घसरगाड्यांची मोठी मिरवणूक काढली, एका गाडीवर चक्क छोटा प्रेस ठेवलेला आणि चालत्या गाडीवर पत्रकं छापून गर्दीत फेकत होते. विधानसभेने त्याला परत काढलं, लोकांनी परत निवडून दिलं, असं बऱ्याचदा झालं, ते एका वाक्यात उरकायचं, सगळ्या फेऱ्या मोजत बसायच्या नाहीत.

आता महापौरपद. इथे बहुतेक जण घसरतात असं माझं मत आहे. माणूस ‘पहिला महापौर’ म्हणून ओळखला जातो म्हणून आपण ते शिखर असल्यासारखं सांगतो, हार तुरे टाळ्या, आणि पुढे. पण बघायला गेलं तर तो महापौर होता जेमतेम दहा महिने, एप्रिल १८३४ ते जानेवारी १८३५. आणि ते दहा महिने गोड नव्हतेच. तरी मी त्यालाच सगळ्यात जास्त वेळ दिला, बारा मिनिटं, कारण दहा वर्षं जो माणूस खुर्चीवर बसलेल्यांना रोज सुनावत होता तो स्वतः खुर्चीवर बसल्यावर काय करतो हे बघायचं तर फक्त इथेच बघायला मिळतं. तुमचा माणूस पत्रकार-नेता असेल तर हीच जागा शोधा, एका बाजूला त्याने छापलेलं, दुसऱ्या बाजूला त्याने केलेलं. मी वहीचं पान मधोमध दुमडून दोन्ही बाजू समोरासमोर लिहिल्या होत्या.

चांगल्या बाजूला काय होतं? ६ मार्च १८३४ ला यॉर्कचं टोरोंटो झालं, नऊ हजारांच्या वर वस्ती. या गावाला लोक चिखलाचं यॉर्क म्हणायचे, रस्ते असे की पावसात माणूस घोट्यापर्यंत आत. शहर जन्मालाच कर्ज घेऊन आलं होतं. मॅकेन्झीच्या कौन्सिलने कर वाढवला आणि किंग स्ट्रीटला लाकडी फळ्यांची पायवाट करायला घेतली, लोकांनी कराच्या नावाने बोंब मारली, कुठल्याही गावात मारतातच. शहराचं पहिलं बोधचिन्ह त्यानेच काढलं, खाली तीन शब्द, उद्योग, बुद्धी, सचोटी. आणि उन्हाळ्यात कॉलरा आला. ज्यांना शक्य होतं ते गाव सोडून जातात अशा वेळी, हा थांबला, आजाऱ्यांना स्वतः हॉस्पिटलात पोचवत राहिला, शेवटी त्यालाच कॉलरा झाला, वाचला.

दुसऱ्या बाजूला? त्याच कॉलऱ्यात आरोग्य समितीत विरोधी पक्षाच्या लोकांशी भांडणं, शेवटी समितीच बरखास्त करून आपल्या लोकांची नवी समिती. तेव्हा महापौर न्यायाधीशाचंही काम करायचा, आणि त्याने एका बाईला पाय लाकडी खोड्यात अडकवून चारचौघांत बसवायची शिक्षा दिली. गरिबांच्या बाजूने एवढं छापणारा माणूस. जुलैमध्ये मार्केटात सभा बोलावली, गर्दी झाली, वरची गॅलरी कोसळली, खाली खाटकांचे गाळे, त्यांचे आकडे, माणसं मेली. मी हे सांगताना आवाज मोठा केला नाही आणि ‘पण’ लावून लगेच त्याची बाजूही घेतली नाही. लोकांना ठरवू दे. जानेवारीत त्याचा पक्ष हरला आणि सलिव्हन नावाचा विरोधी पक्षाचा माणूस दुसरा महापौर झाला.

मला विचाराल तर तो वाईट महापौर नव्हता, अधीर होता. पेपर रोजच्या रोज निकाल देतो, कौन्सिलला महिने लागतात, ते त्याला झेपलं नाही. असं तुमचं मत तयार झालं असेल तर ते एकदाच सांगा, ‘मला वाटतं’ म्हणून सांगा, आणि पुढे जा.

बंडाचा भाग मोठा आहे आणि मोहात पाडणारा आहे, बंदुका, रात्र, पाठलाग, डोक्यावर हजार पौंडांचं इनाम. त्यात वाहवत गेलात तर अर्धा तास तिथेच जाईल. मी एवढंच सांगितलं की डिसेंबर १८३७ मध्ये यंग स्ट्रीटवरच्या माँटगमरीच्या खानावळीपाशी सरकारविरुद्ध लढायला माणसं जमली, बहुतेक शेतकरी, काहींकडे नुसते भाले, आणि चार दिवसांत सगळं संपलं. मॅकेन्झी निसटून अमेरिकेत पोचला. त्याच्या बरोबरचा सॅम्युअल लाउंट, लोहार, आणि पीटर मॅथ्यूज, शेतकरी, या दोघांना १२ एप्रिल १८३८ ला टोरोंटोत फाशी झाली.

इथे आमच्याकडे एका काकांनी मध्येच विचारलं, म्हणजे हा पळाला आणि ते लटकले? अशा प्रश्नाची तयारी ठेवा आणि माणसाला वाचवायला धावू नका. मी म्हटलं हो काका, असंच झालं. काका बराच वेळ गप्प बसले. माझ्या मते चाळीस मिनिटांत तेवढं एक उत्तर सगळ्यात खरं होतं.

एक गोष्ट अजून सांगायची राहिली ती म्हणजे धागा. पाच प्रसंग वेगवेगळे राहतात, त्यांना ओवायला कुणीतरी लागतं, आणि तो धागा बऱ्याचदा मुख्य माणूस नसतोच, त्याच्या शेजारी उभं असलेलं कुणीतरी असतं. मला मॅकेन्झीची आई सापडली, एलिझाबेथ. नवरा गेल्यावर मुलाला एकटीने वाढवलं. हा मुलगा किती वाचायचा तर १८०६ ते १८२० मध्ये वाचलेल्या पुस्तकांची त्याने यादी ठेवली होती, ९५८ पुस्तकं. मायलेकांनी मिळून ॲलिथ गावात दुकान काढलं, ते पुढे बुडालं. मुलगा कॅनडात गेल्यावर दोन वर्षांनी ही पण गेली, सुनेला स्वतः निवडून बरोबर घेऊन. खिळे तळ्यात गेले तेव्हा घरात हीच होती. आणि बंडानंतर अमेरिकेत, शेजारच्या देशाविरुद्ध लढाईची तयारी केली म्हणून मॅकेन्झीला रॉचेस्टरला तुरुंगात टाकलं, तो आत असतानाच १८३९ मध्ये ही गेली, आणि त्याने आईची अंत्ययात्रा तुरुंगाच्या खिडकीतून पाहिली. मी पाचही प्रसंगांत आईचं एकेक वाक्य ठेवलं होतं, शेवटी या खिडकीपाशी आले तेव्हा समोरच्या बायका डोळे पुसत होत्या. मी मुद्दाम रडवायला काही केलं नव्हतं, धागा होता म्हणून झालं.

शेवट कुठे करायचा हेही आधी ठरवा. मृत्यूवर करू नका, तो सगळेच करतात. माफी मिळाल्यावर तो १८५० मध्ये परत आला, १८५१ ला परत निवडून आला आणि हरवलं कुणाला तर जॉर्ज ब्राऊनला, तोही स्कॉटलंडहून आलेला आणि तोही पेपरवालाच, १८५८ ला राजीनामा. हातात पैसा उरला नव्हता, तेव्हा मित्रांनी वर्गणी काढून त्याला बाँड स्ट्रीटवर ८२ नंबरचं घर घेऊन दिलं. आज तेच म्युझियम आहे. भाची तिथे गेली, तिला दांडा ओढू दिला, तिने छापलेला कागद मला पोस्टाने पाठवला आणि मी तो शेवटी सगळ्यांना दाखवला. जवळून बघितलं तर कागदाच्या मागच्या बाजूला अक्षरं बोटाला लागतात, खिळ्याने दाबल्यामुळे. बाबांच्या पत्रिकांना पण अशीच लागायची. तुम्हाला असं काही परदेशातून मागवता आलं तर बघा, आपल्या घरोघरी कुणी ना कुणी बाहेर आहेच. नाहीच जमलं तर सेंट्रल लायब्ररीत जाऊन त्या गावाचा जुना नकाशा मिळतो का पाहा, मोठा झेरॉक्स काढून भिंतीला लावला तरी खूप फरक पडतो.

बाकी किरकोळ. नावं कशी उच्चारायची ते दोन दिवस आधी कुणालातरी विचारून घ्या. घड्याळ लावून निदान दोनदा मोठ्याने बोला, पहिल्यांदा माझी एकसष्ट मिनिटं झाली होती, मग जनरल ब्रॉक नावाच्या सेनापतीच्या स्मारकाचा प्रसंग काढला, जिव्हारी लागलं पण काढला. (पायाभरणीत बाटलीत घालून याच्या पेपरचा अंक पुरला होता आणि गव्हर्नरने तो परत खणून काढायला लावला, चहाच्या वेळी सांगितला आणि तिथे तो जास्त रंगला.) कागद बघून वाचू नका. त्याचा नातू पुढे कॅनडाचा पंतप्रधान झाला, मॅकेन्झी किंग, सगळं धरून एकवीस वर्षांहून जास्त, हे अगदी शेवटच्या मिनिटाला सांगा, आधी सांगितलंत तर लोक नातवाचीच वाट बघत बसतात.

आणि प्रश्नांना दहा मिनिटं ठेवाच. आमच्याकडे सगळं झाल्यावर कोपऱ्यातल्या एक काकू, ज्या कधीच बोलत नाहीत, त्यांनी विचारलं, अगं सगळं ऐकलं, पण त्याच्या बायकोचं काय झालं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी आईच्या धाग्यात इतकी गुंतले होते की इसाबेलला एका ओळीत उरकलं होतं. घरी येऊन परत वाचायला बसले. तेरा मुलं. देणेकरी, मोडलेला छापखाना, कॉलरा, परागंदा नवरा. बंड फसल्यावर मॅकेन्झी नायगारा नदीतल्या नेव्ही बेटावर तळ ठोकून होता, समोरून तोफा चालू होत्या, तर ही त्या बेटावर जाऊन राहिली, तोफांच्या दारूसाठी फ्लॅनेलच्या पिशव्या शिवत. पुढे न्यूयॉर्कमध्ये १८४३ ला शेवटची मुलगी झाली, तिलाही इसाबेलचंच नाव, आणि पंतप्रधान झाला तो या मुलीचा मुलगा. वहीत आत्तापर्यंत दीड पान झालंय. काकूंना फोन करून सांगितलं, त्या म्हणाल्या फोनवर नको, मार्चच्या शनिवारी सगळ्यांसमोर सांग, मी डबा घेऊन येते.